अंगाचा रंग कोणता?

बुलढाणा जिल्ह्यात घाटावरच्या एका शाळेत आम्ही गेलो होतो. सहावीच्या वर्गात चित्रकलेचा तास चालू होता आणि विषय होता 'माझी आई'. एका मुलीने कापूस वेचणारी आई काढली होती. डोक्याचा रुमाल, कमरेला बांधलेली ओटी, फुटलेली बोंडे, मागचा डोंगर, सगळे अगदी नेमके उतरले होते. चेहरा आणि हात मात्र फिकट गुलाबी होते. आम्ही विचारले, ''तुझी आई एवढी गुलाबी आहे का गं?'' ती म्हणाली, ''नाही सर, सावळी हाये. पण या रंगावर 'स्किन' असंच लिहेल हाये ना!''

तिच्या हातात स्पिरिटच्या शाईचा मार्कर होता. गावातून शहरात नोकरीला गेलेल्या एका माजी विद्यार्थ्याने शाळेला अशा मार्करांचा संच भेट दिला होता. कलाशिक्षकांची अडचण वेगळीच होती. रंग कागदाच्या मागे फुटतो, कडेबाहेर पळतो, आणि उन्हाळ्यात काही पेने वाळूनच गेली. हे पेन नेमके वापरायचे कसे, असे त्यांनी आम्हाला विचारले. मुलीचा प्रश्न आणि सरांचा प्रश्न वरवर निराळे वाटतात. पण दोन्हींची उत्तरे शोधू लागलो की आपण एकाच ठिकाणी येतो : रंग म्हणजे काय आणि तो दिसतो कसा?

'स्किन' नावाची गोष्ट

रंगाच्या एका कांडीला 'अंगाचा रंग' म्हणण्याची पद्धत आपल्याकडे सुरू झाली नाही. अमेरिकेतील क्रेयोला कंपनीच्या खडूंच्या डबीत फिकट गुलाबी रंगाच्या खडूला 'फ्लेश', म्हणजे अंगाचा रंग, असे नाव होते. 1962 साली ते बदलून 'पीच' केले गेले. याच कंपनीने 2020 साली माणसांच्या त्वचेच्या 24 छटांचा स्वतंत्र संच बाजारात आणला. आपल्याकडेही बंगळूरच्या कायद्याच्या एका विद्यार्थ्याने 'स्किन' असे छापलेल्या खडूबद्दल ग्राहक न्यायालयात दाद मागितली होती.

नाव बदलल्याने काय होते, असे कुणी म्हणेल. पण लहान मुले छापील शब्दावर आपल्या डोळ्यांपेक्षा अधिक विश्वास ठेवतात. त्या मुलीला आईचा खरा रंग माहीत होता, तरीही तिने टोपणावरचे नाव खरे मानले. निरीक्षणापेक्षा लेबल मोठे ठरले, ही विज्ञानशिक्षकालाही विचार करायला लावणारी गोष्ट आहे.

त्वचेला रंग येतो कुठून?

त्वचेचा रंग मुख्यतः दोन द्रव्यांमुळे ठरतो. पहिले मेलॅनिन. हे तपकिरी-काळे रंगद्रव्य बाह्यत्वचेच्या तळाशी असलेल्या विशिष्ट पेशी तयार करतात. दुसरे रक्तातील हिमोग्लोबिन. गाजर, पपई यांसारख्या अन्नातून येणारी पिवळी कॅरोटिने यात थोडी भर घालतात.

या पेशींची संख्या गोऱ्या आणि काळ्या माणसात जवळजवळ सारखीच असते. फरक पडतो तो पेशी किती मेलॅनिन बनवतात आणि त्याचे कण केवढे व कसे पसरलेले असतात यामुळे. ऊन लागले की मेलॅनिन वाढते. ते सूर्यातील अतिनील किरण शोषून पेशींचे रक्षण करते. 2000 साली नीना जाब्लोन्स्की आणि जॉर्ज चॅप्लिन या शास्त्रज्ञांनी जगभरच्या अतिनील किरणांचे प्रमाण आणि तिथल्या मूळ रहिवाशांचा वर्ण यांचा मेळ घालून दाखवला. तीव्र उन्हाच्या प्रदेशात गडद त्वचा शरीरातील फोलेट हे जीवनसत्त्व नष्ट होण्यापासून वाचवते. ऊन कमी असलेल्या प्रदेशात फिकट त्वचेमुळे 'ड' जीवनसत्त्व बनणे सुकर होते, असे त्यांचे प्रतिपादन आहे. सावळेपणा म्हणजे काही उणीव नव्हे. उन्हाच्या देशात राहणाऱ्या शरीराने केलेली ती सोय आहे.

आता चित्रकाराच्या दृष्टीने महत्त्वाचा भाग पाहू. मेलॅनिन निळा प्रकाश जास्त आणि तांबडा प्रकाश कमी शोषते. हिमोग्लोबिन हिरवा प्रकाश बराच शोषते. त्यामुळे त्वचेतून परतणाऱ्या प्रकाशात तांबड्या-पिवळ्या बाजूचे प्रमाण अधिक राहते. म्हणून जगातील कोणत्याही माणसाच्या त्वचेचा रंग नारिंगीच्या कुळातला असतो. कुणाचा थोडा पिवळ्याकडे, कुणाचा थोडा तांबड्याकडे. मोठा फरक असतो तो उजळ-गडदपणाचा. तपकिरी हा रंगही मुळात अंधारलेला नारिंगीच आहे.

करून पहा : पांढऱ्या कागदावर तपकिरी रंगाचा रुपयाएवढा ठिपका काढा. खोली अंधारी करा. काळा कागद गुंडाळून केलेल्या नळीतून फक्त तो ठिपका पाहा आणि मित्राला त्यावर टॉर्चचा झोत टाकायला सांगा. भोवतालचा पांढरा कागद दिसेनासा झाला की तपकिरी ठिपका नारिंगी दिसू लागतो.

पेनाच्या आत काय असते?

मार्करच्या नळीत दाट तंतूंची एक गुंडाळी असते आणि ती शाईने भिजलेली असते. तिचे टोक निबला टेकलेले असते. दिव्याची वात तेल वर ओढते तशीच निब केशाकर्षणाने शाई ओढते. ही शाई तीन गोष्टींची बनते. रंग देणारे रंजक, ते विरघळवणारे अल्कोहोल आणि वाळल्यावर रंजकाला कागदावर धरून ठेवणारी थोडी राळ. अल्कोहोल म्हणून इथेनॉल, प्रोपेनॉल किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरतात. पूर्वी कायमस्वरूपी शाईच्या पेनांत झायलीनसारखी उग्र वासाची, आरोग्याला अधिक घातक द्रावके असत. जपानमध्ये 1987 साली निघालेल्या 'कॉपिक' मार्करांमुळे अल्कोहोलच्या शाईचा चित्रकारांत मोठा प्रसार झाला. त्यांचे एक पेन काही शे रुपयांना पडते. बाजारात मिळणारे स्वस्त संच याच तत्त्वावर चालतात.

पाण्याऐवजी अल्कोहोल कशासाठी? याची तीन कारणे आहेत.

पहिले कारण पृष्ठताणाचे. इथेनॉलचा पृष्ठताण पाण्याच्या एकतृतीयांशाहूनही कमी आहे. त्यामुळे शाई थेंबाथेंबाने न साचता कागदावर सपाट पसरते.

दुसरे कारण बाष्पीभवनाचे. इथेनॉल 78 अंश सेल्सिअसला उकळते आणि त्याची वाफ व्हायला पाण्याच्या निम्म्याहून कमी उष्णता पुरते. म्हणून रंग काही सेकंदांत वाळतो.

तिसरे कारण कागदाचे. कागद म्हणजे सेल्युलोजचे तंतू. पाणी या तंतूंमध्ये शिरून ते फुगवते, त्यांची एकमेकांवरची पकड सैल करते. म्हणून पाण्याचे स्केचपेन एकाच जागी चार वेळा घासले की कागदाचे पापुद्रे निघतात. अल्कोहोलमुळे तंतू फारसे फुगत नाहीत. शिवाय नव्या थरातील अल्कोहोल आधीचा वाळलेला रंग पुन्हा विरघळवते. दोन पट्टे जिथे भेटतात तिथली रेघ त्यामुळे नाहीशी होते आणि गालावरची छटा सलग दिसते. चेहरा रंगवण्यासाठी हे पेन लोकप्रिय झाले ते याच गुणामुळे.

करून पहा : दोन बशा घ्या. एकीत पाणी आणि दुसरीत दवाखान्यात वापरतात ते स्पिरिट थोडे घ्या. दोन्हींत चिमूटभर हळद टाका. स्पिरिट लगेच गर्द पिवळे होईल. पाण्यात हळदीचे कण बहुतांशी तसेच राहतील. रंजक कोणत्या द्रावकात विरघळते यावर शाईची सगळी रचना ठरते, हे मुलांना यातून चटकन कळते.

आणखी एक प्रयोग वर्गात फार रंगतो. टिपकागदाच्या पट्टीवर खालच्या टोकापासून दोन सेंटिमीटरवर तपकिरी मार्करचा ठिपका द्या. पट्टीचे टोक स्पिरिटमध्ये बुडेल पण ठिपका बुडणार नाही, अशी ती पेल्यात उभी करा. वरून झाकण ठेवा. स्पिरिट वर चढताना बऱ्याच तपकिरी ठिपक्यांतून पिवळा, तांबडा, निळसर असे वेगवेगळे पट्टे सुटे होतात. म्हणजे पेनातला तपकिरी अनेकदा मिश्रणच असतो. हीच क्रोमॅटोग्राफी.

निवड कशी करावी?

मोठा संच घेण्याची गरज नाही. एका चेहऱ्यासाठी पाच पेने पुरतात : एकाच कुळातील फिकट, मध्यम आणि गडद असे तीन तपकिरी, गाल-ओठ-कानांसाठी एक तांबूस तपकिरी, आणि सावलीसाठी एक करडा-जांभळा. बिनरंगाचे मार्करही मिळते. त्यात फक्त द्रावक असते आणि कडा विरघळवून मिसळायला ते उपयोगी पडते.

टोपणाच्या रंगावर विश्वास ठेवू नये. टोपणाचे प्लॅस्टिक अपारदर्शक असते आणि शाई पारदर्शक. शिवाय ओला रंग वाळल्यावर बदललेला दिसतो. ज्या कागदावर चित्र काढायचे त्याच कागदावर प्रत्येक पेनाचे चौकोन भरून, वाळू देऊन, खाली क्रमांक लिहून नमुनापट्टी करावी. एका चौकोनाच्या अर्ध्या भागावर दुसरा थरही द्यावा.

काही कंपन्यांचे क्रमांक अर्थपूर्ण असतात. कॉपिकच्या पद्धतीत अक्षर रंगाचे कूळ सांगते, मातीच्या रंगांसाठी 'ई' हे अक्षर आहे. पहिला अंक रंग किती मळकट ते सांगतो आणि शेवटचा अंक किती गडद ते. पहिला अंक सारखा असलेली आणि शेवटच्या अंकात दोन-तीनचा फरक असलेली पेने एकमेकांत छान मिसळतात. इतर संचांचे क्रमांक असे लावलेले असतीलच असे नाही. तिथे नमुनापट्टीवरूनच ठरवावे.

आता मुख्य काम. नमुनापट्टीच्या प्रत्येक चौकोनाशेजारी पंच यंत्राने भोक पाडा. पट्टी मनगटाच्या वरच्या बाजूला ठेवून, भोकातून दिसणारी त्वचा आणि शेजारचा रंग ताडून पाहा. हे दिवसाच्या उजेडात, पण थेट उन्हात नव्हे, करावे. पिवळ्या बल्बखाली फसगत होते. जो चौकोन सर्वांत जवळचा, तो आपला मध्यम रंग. त्याहून दोन पायऱ्या फिकट आणि दोन पायऱ्या गडद असे दोन रंग निवडले की तीन तपकिरी मिळाले.

याच पट्टीने तळहात, कोपर, बोटांची पेरे आणि बाहीखालचा दंड मोजायला सांगा. एकाच मुलाच्या अंगावर चार वेगळे चौकोन जुळतात. तळहातावर मेलॅनिन कमी असते. उघड्या हातावर उन्हाने ते वाढलेले असते. घाटाखालच्या उन्हात दिवसभर कापूस वेचणाऱ्या बाईचा हात आणि तिचा झाकलेला दंड यांत किती फरक असतो, हे मुले घरी पाहतातच. ते त्यांनी चित्रात आणावे.

वापर कसा करावा?

कागद गुळगुळीत आणि घट्ट हवा. खरखरीत ड्रॉइंग शीट शाई फार पिते आणि कडा फुटतात. गुळगुळीत कार्डशीट शाळेसाठी परवडते. खाली एक टाकाऊ कागद ठेवावाच, कारण शाई आरपार जाते. बाह्यरेषेच्या आत एखादा मिलिमीटर जागा सोडून थांबावे. उरलेली जागा शाई स्वतः पसरून भरते.

ही शाई पारदर्शक आहे हे सतत ध्यानात ठेवावे. प्रकाश शाईतून खाली जातो, पांढऱ्या कागदावरून उलटतो आणि पुन्हा शाईतून बाहेर येतो. समजा, एका थराने 30 टक्के प्रकाश गिळला, तर 70 टक्के परत येतो. दुसरा थर त्या 70 मधले 30 टक्के गिळतो, उरतात 49. तिसऱ्या थरानंतर सुमारे 34. प्रत्येक थर रंग गडदच करतो. फिकट करणारा थर असूच शकत नाही. म्हणून जलरंगाप्रमाणे येथेही फिकटाकडून गडदाकडे जायचे. एका पेनाने दोन-तीन छटा मिळतात त्या याच गणिताने. चौथ्या-पाचव्या थरानंतर कागद भरून जातो आणि पुढे शाई नुसती पळते.

कामाचा क्रम असा ठेवावा. आधी सगळ्या चेहऱ्यावर फिकट रंगाचा सलग थर. तो ओलसर असतानाच मध्यम रंग कपाळाची बाजू, गालाखाली, नाकाची एक कड, हनुवटीखाली. मग गडद रंग फक्त खोल सावल्यांत. शेवटी फिकट पेन दोन्ही रंगांच्या सीमेवर फिरवले की सीमा विरघळते. कान, गाल, नाकाचा शेंडा येथे रक्तवाहिन्या पृष्ठभागाजवळ असतात, तिथे तांबूस तपकिरीचा हलका थर द्यावा.

सावलीसाठी काळा वापरू नये. सावलीतही आकाशाचा आणि भोवतालच्या वस्तूंचा प्रकाश पोचतोच. काळ्याने चेहरा मळलेला दिसतो. त्याच कुळातला गडद तपकिरी, त्याखाली करड्या-जांभळ्याचा एक पातळ थर, एवढे पुरते.

गडद त्वचा रंगवताना नेहमीची चूक म्हणजे सगळीकडे एकच तपकिरी फासणे. त्वचेच्या वरच्या पृष्ठभागावरून साधारण 4 ते 5 टक्के प्रकाश आत न शिरताच परावर्तित होतो. हे प्रमाण गोऱ्या आणि काळ्या त्वचेत सारखेच. गडद पार्श्वभूमीवर तो चकाकीचा ठिपका अधिक उठून दिसतो, आणि आकाशाचा प्रकाश असेल तर किंचित निळसर दिसतो. म्हणून सावळ्या चेहऱ्यावर कपाळ, नाक, गालाचे हाड येथील चकाकीच्या जागा सुरुवातीलाच फिकट ठेवून द्याव्यात. ही चकाकी जमली की चेहरा जिवंत वाटतो.

काळजी

या पेनांतील द्रावक पेट घेणारे आहे. मेणबत्ती, चूल, पेटता स्टोव्ह यांपासून पेने आणि वरच्या प्रयोगांतील स्पिरिट लांब ठेवावे. स्पिरिट शिक्षकांनीच हाताळावे. खिडक्या उघड्या ठेवाव्यात, निबचा वास घेऊ देऊ नये, दम्याचा त्रास असलेल्या मुलांना दुसरे माध्यम द्यावे. लहान वर्गांना ही पेने देऊच नयेत, त्यांना तेलखडू बरे.

एप्रिल-मेमध्ये मलकापूर-नांदुऱ्याकडे पारा चाळिशीच्या वर असतो. अशा दिवसांत पत्र्याच्या खोलीतील कपाटात ठेवलेली पेने वाळणारच. टोपण 'टक्' असा आवाज येईपर्यंत दाबावे. दोन्हीकडे निब असलेली पेने आडवी ठेवावीत, नाहीतर शाई एकाच टोकाकडे उतरते. नुकत्याच वाळलेल्या पेनाच्या निबवर स्पिरिटचे तीन-चार थेंब सोडले तर ते काही दिवस चालते, मात्र रंग फिकट होतो.

टिकणारा रंग

या शाईचा एक मोठा दोष सांगायलाच हवा. तिच्यातील रंजके उन्हात उडतात. नमुनापट्टीचा अर्धा भाग काळ्या कागदाने झाकून ती महिनाभर उन्हाच्या खिडकीला चिकटवा. झाकलेला व उघडा भाग यांतला फरक मुलांना स्वतः पाहू द्या. वर्गाच्या भिंतीवर लावायच्या चित्रासाठी ही शाई योग्य नाही.

बुलढाणा शहर ज्या डोंगररांगेवर वसले आहे, तीच रांग पश्चिमेला अजिंठ्यापर्यंत जाते. तिथली पाचव्या शतकातील भित्तिचित्रे आजही पाहता येतात. लेणे क्रमांक 1 मध्ये गोरे, गव्हाळ, सावळे आणि अगदी काळे असे सर्व वर्णांचे राजे, दासी, भिक्षू एकत्र दिसतात. हे रंग गेरू, पिवळी माती, हिरवी माती, चुना अशा खनिज पदार्थांचे आणि काजळीचे आहेत. ते द्रावकात विरघळत नाहीत, बारीक कणांच्या रूपातच राहतात आणि प्रकाशाने सहसा बिघडत नाहीत. लेण्यांतील अंधाराचीही मदत झालीच. विरघळणारे रंजक आणि न विरघळणारे रंगद्रव्य यांतला फरक शिकवायला याहून चांगले उदाहरण आपल्या भागात दुसरे नाही.

ज्या शाळेत मार्कर नाहीत, तिने अडून बसू नये. गेरू, पिवळी माती, काजळी आणि खडूची भुकटी वस्त्रगाळ करून डिंकाच्या पाण्यात कालवा. गेरू आणि पिवळ्या मातीच्या प्रमाणाने रंग तांबड्याकडे किंवा पिवळ्याकडे झुकवता येतो, खडूने उजळ आणि काजळीने गडद करता येतो. काजळी मात्र सुईच्या टोकाइतकीच घ्यावी. या चार पुड्यांतून वर्गातल्या प्रत्येकाचा रंग तयार होतो.

त्या शाळेत आम्ही दुसऱ्या दिवशी भोके पाडलेली नमुनापट्टी घेऊन गेलो. प्रत्येकाने आपला रंग शोधून कागदाच्या पट्टीवर लावला आणि सगळ्या पट्ट्या फळ्यावर ओळीने चिकटवल्या. पिवळसर गव्हाळापासून गर्द तपकिरीपर्यंत ती रांग झाली. 'स्किन' लिहिलेल्या पेनाचा चौकोन एकाच्याही मनगटाशी जुळला नाही. ते पेन मग मुलांनी गुलाबाच्या पाकळ्यांसाठी बाजूला काढले. त्या मुलीने पट्टी घरी नेण्याची परवानगी मागितली. आईच्या हाताशी लावून पाहायची होती. परत आली तेव्हा तिने दोन क्रमांक लिहून आणले होते, एक हाताचा आणि एक दंडाचा.